किमान मजुरीचा दर आणि कास्तकाराची वही

यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत शेतमजुरीची गोष्ट निघाली कीं कास्तकाराच्या तोंडीं दोन वाक्यें ठरलेलीं असतात. एक, मजूर मिळत नाहीं. आणि दुसरें, सरकारच्या किमान दराशीं आमचा संबंधच नाहीं, कारण त्याहून अधिक पैसे आम्ही बाजाराच्या भावानेंच मोजतों. पहिलें वाक्य पुष्कळ अंशीं खरें आहे. दुसरें मात्र वेचणीच्या ऐन भरांत खरें असतें आणि वर्षाच्या उरलेल्या दिवसांत कित्येकदां खोटें ठरतें. तें कोठें खोटें ठरतें, आणि त्यामुळें कास्तकारावर कोणती जोखीम येते, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कचेरींत टिपणें लिहिण्यांत गेलें. त्यामुळें कायद्याची भाषा थोडीबहुत अंगवळणीं पडली आहे, आणि ज्याच्या हातीं कागद नाहीं त्याची कचेरींत काय गत होते हेंहि पुष्कळ पाहिलें आहे.

मजुरीचा खालचा दर सरकारनें बांधून द्यावा ही कल्पना मूळची आपल्याकडची नव्हे. न्यूझीलंडांत १८९४ सालीं अशा कायद्याचा पाया घातला गेला, आणि इंग्लंडांत खास शेतमजुरांकरितां १९२४ सालीं वेतनमंडळाचा कायदा झाला. आपल्या देशांत किमान वेतन अधिनियम १९४८ च्या मार्च महिन्यांत आला. त्या वेळीं आपला जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतांत मोडत होता. कायद्याच्या अनुसूचीचे दोन भाग होते. पहिल्यांत तांदूळ-पिठाच्या गिरण्या, विडीचे कारखाने, तेलाच्या गिरण्या, रस्त्यांचीं कामें वगैरे धंदे होते. दुसऱ्यांत एकटी शेती. कारखान्याचा पगार निदान हजेरीपटावर सांपडतो. वावरांत कोण कोणास किती देतो हें मालक आणि मजूर या दोघांनाच ठाऊक. १९५०-५१ सालीं शेतमजुरांची पहिली अखिल भारतीय पाहणी झाली तिचें हेंहि एक कारण होतें. तरीसुद्धां शेतीचे दर ठरविण्याची मुदत सरकारास पुनःपुन्हां वाढवून घ्यावी लागली.

किमान दर कशावर बसवावा याचें माप १९५७ सालीं पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनें घालून दिलें. कमावत्या माणसाचें कुटुंब तीन प्रौढ माणसांइतकें धरावें, दर प्रौढामागें २७०० उष्मांकांचें अन्न, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, राहण्याच्या जागेचें भाडें, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठीं एकूण वेतनाचे शेंकडा २० असा तो हिशेब आहे. म्हणजे हा दर मजुराच्या हुषारीचें मोल नसून एका घराच्या पोटाचें माप आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं केरळांतील एका प्रकरणांत स्पष्ट केलें कीं किमान दर देण्याची मालकाची ऐपत आहे कीं नाहीं, हा प्रश्नच विचारांत घ्यावयाचा नाहीं. १९८२ सालीं दिल्लींतील आशियाई क्रीडासामन्यांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणांत न्यायालय आणखी एक पाऊल पुढें गेलें: किमान दरापेक्षां कमी मजुरीवर काम करून घेणें ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदानें मना केलेली सक्तीची मजुरीच होय, असा त्या निकालाचा अर्थ आहे. मजूर आपण होऊन कबूल झाला होता, हें उत्तर तेथें चालत नाहीं.

१९४८ चा अधिनियम आतां राहिला नाहीं. त्याची, तशीच मजुरी वेळेवर देण्याच्या व स्त्रीपुरुषांस समान वेतन देण्याच्या कायद्यांची, जागा वेतन संहिता, २०१९ हिनें घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. जुन्या कायद्याखालीं निघालेल्या अधिसूचना संहितेशीं विसंगत नसतील तेथवर टिकतात. तेव्हां जुना कायदा गेला म्हणजे जुना दरहि गेला, अशी समजूत कोणी करून घेऊं नये.

दराचा आंकडा येथें मुद्दाम छापीत नाहीं. सरकार तो वेळोवेळीं बदलतें, आणि मासिकाचा अंक घरांत वर्षानुवर्षें पडून राहतो. यवतमाळच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयांतून शेतीचा चालू दर तारखेसह लिहून आणावा, आणि तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. रोजगार हमीचा दर आणि शेतीचा किमान दर यांची मात्र गल्लत करूं नये. २०२५-२६ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामाचा दर ३१२ रुपये होता. तो केंद्र सरकारनें ठरविलेला, आणि त्याचा कायदा निराळा. पुढील उदाहरणांत हिशेबाच्या सोयीसाठीं शेतीचा किमान दर रोजाला ३५० रुपये आहे असें धरतों. हा आंकडा केवळ मानलेला आहे. वाचकांनीं त्या जागीं खरा दर घालून हिशेब करावा.

आतां वेचणी घेऊं. सीतादहीची पूजा होऊन पहिली वेचणी सुरू झाली म्हणजे मजुरी किलोवर असते. किलोला १० रुपये दर आहे आणि हात चालणारी बाई दिवसाला ५० किलो वेंचते असें धरलें तर तिच्या पदरांत ५०० रुपये पडतात. किमान दराचा प्रश्न उद्भवत नाहीं. तिसऱ्या वेचणीला, किंवा फरदडीला, त्याच बाईच्या ओट्यांत तितक्याच वेळांत २२ किलो येतात. बोंडें विरळ, बारीक, अर्धवट उमललेलीं. दोष तिचा नव्हे, पऱ्हाटीचा. किलोचा दर तोच राहिला तर तिला २२० रुपये मिळतात, म्हणजे मानलेल्या दराहून १३० कमी. कायदा या ठिकाणीं अगदीं स्पष्ट आहे. सरकारनें रोजाचा दर ठरविला आहे, परंतु किलोचा ठरविलेला नाहीं, अशा कामांत मजुरी वजनावर दिली तरी ती रोजाच्या किमान दराहून खालीं जातां कामा नये. १९४८ च्या कायद्यांत हेंच होतें आणि संहितेंतहि हेंच आहे. उदाहरणांतल्या बाईचा हिशेब बरोबर बसावयाचा तर किलोला १६ रुपये पडतात.

अनुभवी कास्तकार म्हणतील कीं शेवटच्या वेचणीला आम्ही दर वाढवितोंच, नाहीं तर बाया येणारच नाहींत. खरें आहे. परंतु तो दर ओढाताणीनें वाढतो, हिशेबानें नव्हे. आणि ज्या गांवीं दुसरें काम नाहीं तेथें तो पुरेसा वाढतही नाहीं. म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं शेवटची वेचणी किलोवर देऊंच नये, रोजावर द्यावी. रोजाच्या खर्चांत ती परवडत नसेल तर पऱ्हाटी उपटून वावर मोकळें करणें बरें. गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीनें फरदड ठेवूं नये असें कृषि खातेंही सांगत आलेंच आहे. म्हातारी किंवा अशक्त बाई पूर्ण दिवस राबून पंधरा किलोच वेंचते, तिचें काय, असा प्रश्न येईल. ती पूर्ण दिवस राबली असेल तर किमान दर तिचाही आहे. हें मालकास जड जातें, पण कायद्यानें वय किंवा चपळाई पाहून सूट ठेविलेली नाहीं.

निंदणाची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि ती बहुधा कोणी बोलत नाहीं. डवऱ्यामागच्या गड्यास एक रोज, निंदणाऱ्या बाईस त्याहून कमी, ही रीत इतकी जुनी आहे कीं ती अन्यायाची आहे हें लक्षांतही येत नाहीं. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामास स्त्री म्हणून कमी मजुरी देणें १९७६ सालच्या समान वेतनाच्या कायद्यानें बंद केलें आणि संहितेनें तें कलम कायम ठेविलें. डवरणी आणि निंदण हीं कामें निराळीं, म्हणून दर निराळा, हें म्हणणें एका मर्यादेपर्यंत मान्य होईल. पण सोयाबीनच्या सोंगणींत, तुरीच्या काढणींत, खत टाकण्यांत बाया आणि गडी खांद्याला खांदा लावून असतात. तेथें दोन दर कोणत्या तोंडानें सांगावे? शिवाय किमान दर कामाच्या प्रकारावर असतो, स्त्रीपुरुषावर नसतो. तेव्हां बाईचा रोज गड्याहून कमी असो वा नसो, किमान दराहून तो कमी असतां कामा नये. आपल्या सभासदांपैकीं कित्येकांच्या घरच्या बाया हंगामांत दुसऱ्याच्या वावरांत रोजानें जातात. त्यांनीं तरी ही रीत राखूं नये.

आश्विनांत कापूस फुटलेला असतां दुपारीं पाऊस येतो आणि काम थांबतें. मजुरांस अर्धा रोज देऊन घरीं पाठविण्याची पद्धति आहे. संहितेप्रमाणें, रोजाच्या दरावर बोलाविलेल्या मजुरानें ठरलेल्या तासांहून कमी काम केलें, पण तें त्याच्या अनिच्छेमुळें नव्हे, तर त्यास पूर्ण दिवसाचा रोज मिळाला पाहिजे. पाऊस ही मजुराची अनिच्छा नव्हे. ज्यास हा खर्च सोसत नसेल त्यानें त्या दिवशीं गोठ्याचें, खळ्याचें, बियाण्याच्या साफसफाईचें काम हातीं ठेवावें. काम दाखविलें आणि मजूर न करतां निघून गेला, तर गोष्ट निराळी.

आतां सालदार. वेचणीच्या मजुरीवरून तंटा झाला तर तो शें-दोनशें रुपयांचा असतो. सालदाराच्या बाबतींत मालक नकळत फौजदारी कायद्याच्या कक्षेंत जाऊन बसतो, म्हणून येथें थोडें सविस्तर लिहितों. पाडव्याला साल ठरतें. रोख एक लाख रुपये, वर सहा क्विंटल ज्वारी, आणि आरंभीं कांहीं उचल, असा ठराव झाला असें समजूं. मानलेल्या ३५० च्या दरानें, आठवड्याच्या सुटीचा रोज धरून, वर्षाचे १,२७,७५० रुपये होतात. ज्वारीची किंमत क्विंटलला २५०० धरली तर १५,००० रुपये होते. संहितेप्रमाणें वस्तुरूपानें दिलेला मोबदला एकूण देय वेतनाच्या शेंकडा १५ पर्यंतच वेतनांत धरतां येतो. येथें ती मर्यादा सुमारें १९,१६० रुपये होते, म्हणून सगळी ज्वारी हिशेबांत घेतां येईल. रोख आणि धान्य मिळून १,१५,००० झाले. म्हणजे १२,७५० रुपयांची तूट राहिली. सालदार पहांटे गुरांचें शेण-पाणी करतो आणि रात्रीच्या विजेवर गहू-हरभऱ्याचें ओलित करतो. ठरलेल्या तासांवरील कामास दुप्पट दर आहे, तो धरला तर तूट याहून बरीच वाढते.

ही तूट असतां वर उचल दिलेली असेल तर प्रकरण गंभीर होतें. वेठबिगार पद्धतीच्या निर्मूलनाचा कायदा १९७६ सालीं झाला. उचलीच्या मोबदल्यांत माणूस विनामूल्य किंवा नाममात्र मजुरीवर राबतो, अथवा दुसरीकडे कामास जाण्याची त्यास मोकळीक राहत नाहीं, तेथें ती वेठबिगारी ठरते. आणि नाममात्र मजुरी म्हणजे किमान दराहून कमी मजुरी, अशी व्याख्या त्या कायद्यांतच आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. वेठबिगारी ठरली कीं कर्ज आपोआप बुडतें, वसुलीचा दावाही चालत नाहीं. अंमलबजावणी जिल्हादंडाधिकाऱ्याकडे असते. ‘माझे साठ हजार घेऊन गडी पळाला’ अशी तक्रार घेऊन कचेरींत येणारे मालक मीं पाहिले आहेत. आपण लिहून दिलेला तक्रारअर्ज हाच आपल्याविरुद्धचा पहिला पुरावा होऊं शकतो, हें त्यांच्या गांवींही नसतें. उचल देऊं नये असें माझें म्हणणें नाहीं. घरांत लग्न किंवा आजारपण असलें तर गड्यानें मालकाकडे नाहीं तर कोणाकडे जावें? परंतु ती लिहून द्यावी, दर महिन्यास मजुरी पूर्ण हिशेबानें काढावी, मग तींतून ठरलेला हप्ता वळता करावा. सर्व वजावट मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होतां कामा नये. गडी सोडून जातों म्हणाला तर त्यास अडवूं नये.

फवारणीविषयीं थोडें. २०१७ च्या खरिपांत आपल्याच जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें कित्येक कास्तकारांस व मजुरांस प्राणास मुकावें लागलें आणि शेंकडों लोक दवाखान्यांत पडले, हें कोणी विसरलें नसेल. फवारणीची मजुरी पंपावर ठरविली म्हणजे मजूर घाई करतो, वारा पाहत नाहीं, दुपारचें ऊन पाहत नाहीं. ती रोजावर ठरवावी. हातमोजे, तोंडाची पट्टी व अंगभर कपडे मालकानें द्यावे, आणि त्यांचा खर्च मजुरींतून कापूं नये. चौदा वर्षांखालील मूल तर कोणत्याच मजुरीवर लावतां येत नाहीं. स्वतःच्या मुलानें शाळा सांभाळून घरच्या वावरांत हात लावला तर त्यास मुभा आहे. इर्जिकींत वेतनच नसतें, त्यामुळें किमान दराचा प्रश्न तेथें येत नाहीं.

मजूर मुकादमामार्फत आणण्याची चाल अलीकडे वाढली आहे. गाडी भरून मजूर येतात, सायंकाळीं मुकादमाच्या हातीं एकरकमी पैसे जातात, आणि मालक मोकळा झाला असें समजतो. तो मोकळा झालेला नसतो. मुकादमानें मजुरांस पैसे दिले नाहींत तर ज्याचें वावर त्याच्यावर ती जबाबदारी येते. शक्य तेथें पैसे मजुराच्याच हातीं किंवा त्याच्या खात्यांत द्यावे.

येथवर आलेल्या वाचकांच्या मनांत एक प्रश्न घोळत असेल: कापसाच्या भावांत हें बसतें कसें? प्रश्न रास्त आहे. २०२५-२६ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. वरच्या उदाहरणांतला किलोला १६ रुपयांचा दर घेतला तर क्विंटलमागें १६०० रुपये नुसत्या वेचणीचे झाले. भावाचा जवळजवळ पांचवा हिस्सा. हमीभावाची शिफारस करणारा आयोग उत्पादनखर्चांत भाड्याच्या मजुरीचा खर्च धरतो. पण तो धरावयाचा तर कोठें तरी लिहिलेला असला पाहिजे. आपल्याकडे सात-बारा आहे, पीकपेरा आहे, पैसेवारी आहे. मजुरीचा कागद तेवढा नाहीं. भाव कमी मिळतो म्हणून निंदणाऱ्या बाईचा रोज कमी ठेवणें हा तिच्याकडून घेतलेला कर्जाऊ पैसा आहे, आणि त्याची पावतीसुद्धां आपण देत नाहीं. भावाची तक्रार जेथें करावयाची तेथें ती वहीसकट करावी.

ती वही कशी असावी? शाळकरी मुलाची दोनशें पानी वही पुरते. दिवस, मजुराचें नांव, काम, कामावर आल्याची व सुटल्याची वेळ. वेचणी असेल तर वजन. दर, एकूण रक्कम, उचलीचा वळता केलेला हप्ता, हातीं दिलेली रक्कम, आणि सही किंवा अंगठा. वजनाच्या दिवशीं आणखी एक रकाना ठेवावा: रोजाच्या किमान दरास किती कमी पडले आणि ते भरून दिले काय. हा एकच रकाना शंभर वाद मिटवील. शेतीवर पांचपेक्षां अधिक माणसें न ठेवणाऱ्या मालकास सरकारी नमुन्याचीं पुस्तकें ठेवण्याची सक्ती संहितेनें केलेली नाहीं. पण ही सवलत वाचून हुरळून जाऊं नये. त्याच कलमांत पुढें लिहिलें आहे कीं निरीक्षकानें मागितल्यास मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा अशा मालकानेंही दाखविला पाहिजे. मोबाईलवरून पैसे पाठविल्यास त्याची नोंद राहते, ती चांगलीच. मात्र किती तासांचे आणि कोणत्या कामाचे हें त्या नोंदींत नसतें.

मजुरी कमी दिल्याचा दावा झाला तर ती पूर्ण दिली हें सिद्ध करण्याचा भार मजुरावर नसून मालकावर आहे. दावा मान्य झाला तर बुडालेली रक्कम तर द्यावी लागतेच, शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई ठरवितां येते. कमी मजुरी देण्याच्या गुन्ह्यास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पांच वर्षांच्या आंत तोच गुन्हा पुन्हां घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. १९४८ च्या कायद्यांत दावा करण्याची मुदत सहा महिन्यांची होती, ती आतां तीन वर्षांची झाली आहे. म्हणून हंगाम संपला कीं वही चुलींत किंवा रद्दींत जाऊं देऊं नये. शेवटच्या नोंदीपासून निदान तीन वर्षें ती सात-बाराच्या उताऱ्यांशेजारीं ठेवावी.